उपासाच्या दिवशीचं माप

आई, धाकटीला तुझाच आजार झाला. हे असं तडकाफडकी सांगतेय, कारण आडवळणाचं बोलणं तुला कधी खपलं नाही. शेजारची कोणी "जरा बोलायचं होतं" म्हणत उंबऱ्यात घुटमळली की तू मशीनचं चाक हातानं थांबवायचीस आणि म्हणायचीस, "बोल ना वो, मुहूर्त पाहून राह्यली काय?" म्हणून आधी तेच बोलून टाकलं. अंडाशयाचा कॅन्सर. गेल्या उन्हाळ्यात कळलं. लगेच पदर तोंडाला लावू नकोस, सगळं ऐकून घे. तू असतीस तर मी हे फोनवर सांगितलं असतं आणि तू मध्ये मध्ये इतकं बोलली असतीस की माझं अर्धं राहूनच गेलं असतं. आता निदान तुला मध्ये बोलता येत नाही. रविवारची दुपार आहे, अकोल्याला माझ्या स्वयंपाकघरात बसले आहे, समोर ओल्या तुरीच्या शेंगांची टोपली आहे, आणि शेंगा सोलायच्या सोडून तुला लिहिते आहे.

तुझ्या वेळी कोणालाच काही कळलं नव्हतं. तुलासुद्धा नाही, आणि त्याचं मला अजून नवल वाटतं. अमरावतीच्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत तू बायकांचे ब्लाउज, परकर, पोरींचे पंजाबी ड्रेस शिवायचीस. कोण बाळंतपणानंतर सुटली, कोण सासुरवासानं वाळली, कोणाला दिवस गेलेत, हे गल्लीला कळायच्या आधी तुझ्या टेपला कळायचं. त्या तुझंच पोट फुगायला लागलं तेव्हा तू ओवा नि काळं मीठ चावून वर कोमट पाणी प्यायचीस आणि म्हणायचीस, "कालचं भरीत बाधलं." मग भरीत बंद झालं, मग हरभऱ्याची डाळ बंद झाली, पोट फुगतच राहिलं. तू आपले परकर सैल केलेस, ब्लाउजची खालची शिलाई उसवलीस. दर्यापूरहून मामी आली, तिनं तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ताई, आंग धरलं वो तुमी. आता सुखाचे दिवस आले तुमचे." तू चक्क लाजलीस. मी दारात उभी होते, मलाही बरं वाटलं. दोघी मुली शिकताहेत, बाबांचं कोर्टातलं काम नीट चाललंय, म्हणजे बाई सुटणारच, असं आम्ही सगळे धरून चाललो. तुझे दंड काटकुळे होत होते, गालफडं बसत होती, पण साडी नेसलेल्या बाईचं पोट पाहून लोक एकच अर्थ लावतात. पुढे डॉक्टरांनी सुई घालून पोटातलं पाणी काढलं, बादलीभर निघालं, आणि मग बाबांना बाहेर बोलावून काय ते सांगितलं. बाबांनी आम्हाला "गाठ आहे, काही होत नाही" एवढंच सांगितलं, आणि तुला कोणी काहीच सांगितलं नाही. तशीच रीत होती.

तू गेलीस तेव्हा मी इथे अकोल्यालाच एमएस्सी करत होते. प्रयोगशाळेत घालायला पांढरा अ‍ॅप्रन लागतो म्हटल्यावर तू विकतचा आणू दिला नाहीस. पॉपलीन आणून स्वतः शिवलास, आणि असा ढगळ शिवलास की मी त्यात दोनदा मावले असते. मी कुरकुरले तर म्हणालीस, "आता वाळकी हायेस. नौकरी लागली का भरशीन." त्याला आतून एक चोरखिसाही लावला होतास, पोरीनं परगावी पैसे कुठे ठेवायचे म्हणून. मी आता चांगली भरले आहे, आणि तीच नोकरी अजून करते आहे. मुलांना जीवरसायन शिकवते आणि उरलेल्या वेळात रक्त तपासते. लोकांना वाटतं, आईच्या दुखण्यामुळे हिनं हा विषय घेतला. तसं काही नाही. नोकरी जिथे मिळाली तिथे चिकटले, आणि पुष्कळ वर्षांनी तुझा आजार आपणहून माझ्या टेबलावर आला.

काय करते ते तुला समजेल असं सांगते, आणि समजलं नाही तर नुसती मान हलव, माझे विद्यार्थीही तेच करतात. शरीरातल्या पेशी एकमेकींना सांगावे धाडत असतात. कुठे जखम झाली, कुठे जंतू शिरला, कुठे गाठ वाढायला लागली की तिथल्या पेशी काही प्रथिनं रक्तात सोडतात. ती वाचून बाकीच्या पेशी धावत येतात, किंवा गप्प बसतात. मामा दर्यापूरहून जीपवाल्याजवळ सांगावा धाडायचा आणि आपण लगेच घर झाडायला लागायचो, तसंच हे. आता गाठ अशी वस्ताद असते की तीही हे सांगावे धाडायला शिकते आणि शरीराच्या राखणदार पेशींनाच आपल्या कामाला लावते. आम्ही अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायकांचं ऑपरेशनच्या आधीचं रक्त घेतो, त्यातलं वरचं पिवळसर पाणी गोठवून ठेवतो, आणि मग बारीक बारीक वाट्यांच्या ताटलीत ते टाकून बघतो की कोणतं प्रथिन किती आहे. वाटीत आधी निळा रंग चढतो, शेवटचं आम्ल पडलं की तो पिवळा होतो. जितका गडद पिवळा तितका सांगाव्यांचा गलबला जास्त. काही प्रथिनं फार वाढलेली असली तर पुढे आजार चिवट निघण्याचा संभव अधिक, असं दिसतं. उद्या यातून कोणाला जास्त कडक औषध लागेल आणि कोणाला उगीच छळायला नको हे आधी कळावं, म्हणून हा सगळा खटाटोप. पण एक गोष्ट मी दरवर्षी फळ्यावर लिहिते आणि दरवर्षी पोरं विसरतात. यातून पुष्कळजणींचा मिळून अंदाज बांधता येतो. समोर बसलेल्या एकीचं भविष्य सांगता येत नाही.

धाकटी अमरावतीच्या एका शाळेत शिकवते, तुला हे माहीत नाही. तुझ्यासारखीच फटकळ आणि तुझ्यासारखीच हातानं सुबक. पोट जड वाटतं म्हणाली तेव्हा भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, ओवा आणायला निघाला होता. मी फोनवरच ओरडले आणि दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी करायला लावली. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. आजार पसरला होता, पण तुझ्याइतका नाही. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. आम्हा दोघींची आनुवंशिकतेची तपासणीही झाली. तुझ्याकडून आलेला तो दोष तिच्यात निघाला, माझ्यात नाही. तिला कळलं तेव्हा म्हणाली, "आईची शिवनकला बी मीच घेतली, हे बी मीच घेतलं. तू लहानपनापासून आळशी, तुले काईच नाई भेटलं." आम्ही दोघी हसलो. मला मात्र त्या हसण्यानंतर जेवण गेलं नाही.

केमो चालू असताना तिनं तोंडातून हूं की चूं केलं नाही. केस गेले तर डोक्याला रुमाल बांधून शाळेत गेली. मग नवरात्र आलं आणि गेलं, आणि दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला. "ताई, मी आता पुढचं केमो घेऊन नाई राह्यली." मला वाटलं थकली असेल. तर म्हणाली, "थकली नाई. मी आयएल-सिक्स करून घेतलं." हे त्या सांगावे धाडणाऱ्या प्रथिनांपैकीच एक. कोविडच्या दिवसांत त्याची तपासणी गावोगावी पोचली, आता कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत पैसे भरले की करून देतात. धाकटीनं मोबाइलवर वाचलं होतं की अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये ते वाढलेलं असलं की बाई वाचत नाही. तसं कोणी शहाण्यानं लिहिलेलं नाही, पण मोबाइलवर वाचणाऱ्याला 'संभव अधिक' हे दोन शब्द कधी दिसतच नाहीत. तिनं कोणाला न सांगता अष्टमीला रक्त दिलं. आकडा असायला हवा त्याच्या कितीतरी पट आला होता. "तुह्या मशीनले कळते ना सगळं? मंग कळलं. आईचं पाह्यलं ना आपन? तिचं जसं झालं तसंच होनार असन तर मले शाळेत मरू दे. वर्गातल्या पोरांसमोर ओकत नाई बसायचं मले."

आई, जे मी वर्गात घसा फोडून सांगते ते सगळं डोक्यातून उडून गेलं. आमच्याकडे येणाऱ्या नळ्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो, आणि ते बरं असतं. या आकड्याला धाकटीचं नाक होतं, धाकटीचा रुमाल होता. मी फोन ठेवून खुर्चीत बसून राहिले आणि तिच्यासारखंच समजून चालले की झालं, आता ही जाणार. एवढी शिकलेली मी, मोबाइलवर वाचणाऱ्या बाईच्या रांगेत जाऊन उभी राहिले. सकाळची एसटी धरून अमरावतीला निघाले तेव्हा मूर्तिजापूरपर्यंत मी खिडकीबाहेर सोयाबीनच्या गंज्या बघत एकच गोष्ट घोकत होते. तिला सांगायचं काय? आकडा खोटा आहे म्हणावं तर तो खोटा नव्हता. काही होत नाही म्हणावं तर ते तुझ्याबाबतीत बाबा म्हणाले होते.

ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी आले तरी मागे वळली नाही. "समजवाले आली असशीन तर चहा पी अन् जाय." मी पाटावर बसले. ती तव्यापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून पिंपापर्यंत जात होती, आणि दर खेपेला उजवा पाय जरा तिरपा टाकत होती, टाच उचलून. मी म्हटलं, "पायाले काय झालं?" म्हणाली, "काई नाई. केमोनं तळपाय बधिर झाले. डॉक्टरीन बाईनं सांगतलंच व्हतं, होते म्हून." "बधिर पाय दोन्ही असतात. तू एकच काहून उचलून राह्यली?" "आता परेड घेतं काय माही?" मी उठले, भाकरी तव्यावर असतानाच तिला खुर्चीत बसवलं आणि तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. टाच लालभडक होऊन सुजली होती, हात लावला तर गरम लागत होती, आणि मधोमध एक काळा ठिपका होता. मी दाबलं तर ती 'आई गं' म्हणायला पाहिजे होती. पण सुजेनं टाच नीट बसत नव्हती म्हणून ती उचलत होती एवढंच, दुखत तिला काही नव्हतं.

"अनवाणी गेली व्हती काय देवीले?" मी विचारलं. अमरावतीच्या बाईला हा प्रश्न विचारायची खरं तर गरज नाही. नवरात्रात निम्मं गाव पहाटेपासून अनवाणी अंबादेवीला जातं. तूही जायचीस, आम्हा दोघींना झोपेतून ओढून न्यायचीस. धाकटी म्हणाली, "बोलली व्हती मी देवीले. नऊ दिवस चपला घालनार नाई म्हून." "डॉक्टरले इचारलं?" "त्यायनं नाई म्हनलं असतं." "मले काहून नाई सांगतलं?" "तू वरडली असती." "मंग आता काय पेढे वाटू?" असं म्हणाले आणि मला एकदम हसू फुटलं. ती घाबरली, तिला वाटलं ताईच्या डोक्यावर परिणाम झाला. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. मी तिची सुजलेली टाच धरून हसत होते, कारण तो सगळा गलबला, तो रक्तातला आरडाओरडा, निदान त्यातला बराचसा या टाचेचा असणार. त्या प्रथिनाला कॅन्सर तेवढा कळतो असं नाही. दाढ किडली तरी ते वाढतं, तापात वाढतं, पिकलेल्या पायात तर वाढणारच. म्हणून तर आम्ही कोणाचंही रक्त घेण्याआधी ताप आहे का, खोकला आहे का, दात दुखतो का, जखम आहे का, हे विचारून घेतो, आणि काही असलं तर परत पाठवतो. धाकटीला हे विचारणारं कोणी नव्हतं.

तिला मी म्हटलं, "तुनं उपासाच्या दिवशी माप घेतलं." ती लगेच समजली, कारण तू त्यावरून माझ्यावर रागावली होतीस त्याला ती साक्षीदार होती. तुला आठवतं का? मी कॉलेजात होते, तू बाजारात गेली होतीस, आणि समोरच्या घरातली नवी सून दिवाळीचा ड्रेस टाकायला आली. मी मोठ्या तोऱ्यात टेप काढली आणि छाती, कंबर, सगळं घेतलं. नवरात्राचा आठवा दिवस होता आणि ती बिचारी घट बसल्यापासून पाणी नि फळं यांवर होती. दिवाळीत ड्रेस तिच्या कंबरेतून खालीच उतरेना. तू तो उसवत बसलीस आणि मला समोर उभं करून म्हणालीस, "बाई पाह्यली का तुनं, का नुसती टेप पाह्यली?" मी म्हटलं टेप बरोबर होती. तू म्हणालीस, "टेप बरोबरच असते वो. तुले काय टेपचा ड्रेस शिवाचा व्हता काय?" तेव्हा मला भयंकर अपमान वाटला होता आणि मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. आता वर्गात हे उदाहरण देते, तुझं नाव न घेता.

दुपारीच तिला डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी टाच उघडली तर आतून बांगडीच्या काचेचा हिरवा तुकडा निघाला, बारीक, तुरीच्या अर्ध्या डाळीएवढा. देवळाच्या वाटेवर बांगड्यांची दुकानं, तिथेच कुठेतरी शिरला असणार, आणि बधिर पायाला पत्ता नाही. बाई आधी तिच्यावर आणि मग माझ्यावर अशा काही बोलल्या की मला तू आठवलीस. केमो चालू असताना शरीराचे राखणदार आधीच कमी झालेले असतात, त्यात असा पाय, ताप चढून विष रक्तात भिनलं असतं तर कॅन्सर राहिला बाजूला, या टाचेनंच नेलं असतं. जखम भरेपर्यंत पुढची केमो पुढे ढकलली. धाकटी मान खाली घालून ऐकत होती. बाहेर आल्यावर मात्र म्हणाली, "आकडा पायाचा असन, मान्य. पन आईचं पायामुळं नव्हतं झालं." काच निघाली, पण तू तिच्या डोक्यातून निघेनास.

मी तिला विश्रांतीला अकोल्याला घेऊन आले. घरात एकटी बसून ती भिंतीशी भांडेल म्हणून मी तिला रोज माझ्याबरोबर कामावर न्यायची, आणि ती बाहेरच्या बाकावर बसून शाळेचे पेपर तपासायची. त्याच आठवड्यात आम्ही रक्त घेण्याआधीच्या प्रश्नांत एक नवा घातला होता. "अनवाणी चालता का? पायाला काही लागलंय का?" माझे विद्यार्थी आधी हसले, मग धाकटीची टाच बघून मुकाट विचारू लागले. तर एका सकाळी हिवरखेडची एक बाई आली. तिचं ऑपरेशन, केमो सगळं मागेच होऊन गेलेलं, आता अधूनमधून तपासणीला येते आणि आमच्यासाठीही थोडं रक्त देऊन जाते. मी तिला तो प्रश्न विचारला. ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघत म्हणाली, "अवं म्याडम, वावरात चपला घालून कोन चालते? पाऊस पडला का चप्पल चिखलातच राह्यते अन् पाय घरी येते." बाकावरून धाकटी खो खो हसली. मग त्या बाईनं तिच्याकडे पाहिलं, डोक्यावरचा रुमाल पाहिला, आणि काही न विचारता तिच्याशेजारी जाऊन बसली.

"केमो चालू हाये काय तुमची?" तिनं विचारलं. धाकटी म्हणाली, "व्हती. आता घ्याची का नाई ते पाहून राह्यली." बाई म्हणाली, "पाहाचं काय त्याच्यात? मले बी हेच व्हतं, पोटातलंच. मले बी असंच टक्कल झालं व्हतं, लेकाची टोपी घालून बसो मी." आणि तिनं पदर मागे सारून वेणी पुढे ओढली, चांगली मनगटाएवढी. धाकटीनं विचारलं, "किती वरसं झाले?" बाईनं जरा हिशेब केला. "नातू तवा पाळन्यात व्हता. आता चौथीत हाये, पाढे म्हनते फटाफट." धाकटी चौथीच्याच वर्गाला शिकवते. तिनं पेपरांवरचा हात काढला आणि चौथीतली सगळी पोरं डोळ्यांपुढे आणल्यासारखी बसून राहिली. मग विचारलं, "तुमचा आकडा किती आल्ता?" "कायचा आकडा?" "रक्तातला. सुरुवातीचा." बाई म्हणाली, "मले कोनी सांगतला नाई, अन् म्या इचारला नाई. डॉक्टर म्हने या, म्या आली. पुन्हा म्हने या, पुन्हा आली. अशी येता येता आतापावतर आली."

तिच्या वेळच्या रक्ताची नळी आमच्या शीतकपाटात आहे. कोणती ते मला माहीत नाही, शोधणारही नाही. तिथे आणखीही नळ्या आहेत ज्यांच्या बाया परत आल्या नाहीत, आणि धाकटीला मी तेही सांगितलं, लपवलं नाही. तू एकदा मला विचारलं होतंस, पोटातलं पाणी काढून घरी आणल्यावर, खाटेवर पडल्या पडल्या, बाबा बाहेर गेलेले पाहून. "या दुखन्यातून कोनी उठते काय वो?" म्हणजे तुला सगळं कळलेलं होतं आणि तू आम्हालाच सांभाळत होतीस. मी तेव्हा तुझी उशी सारखी केली, कारण मला खरंच माहीत नव्हतं. आता माहीत आहे. उठतात, आई. सगळ्या नाही उठत, पण उठतात, आणि आमच्या त्या पिवळ्या वाट्यांमुळे उद्या आणखी काही उठतील असं मला मनापासून वाटतं. त्या दिवशी घरी जाताना रिक्षात धाकटी म्हणाली, "पुढच्या हप्त्यात पाय भरला का अमरावतीले सोडून देजो मले. डॉक्टरीन बाईले फोन कर, केमोची तारीख घे." मी म्हटलं, बरं. त्यावर जास्त बोलले असते तर तिनं बेत बदलला असता.

पाय भरल्यावर तिनं माझा डोळा चुकवून ती तपासणी पुन्हा केलीच. आकडा पुष्कळ खाली आला होता, आणि ती फोनवर नाचत होती. मी म्हटलं, "चढला तवा मेली नव्हतीस, उतरला म्हून अमर नाई झालीस. ते पैसे पेरूत घातले असते तर कामी आले असते." तिनं मला शिव्या घातल्या आणि केमो पूर्ण केल्या. त्यांतली एकही सोपी नव्हती. शेवटच्या खेपेला तिच्या हाताची शीर सापडेना तेव्हा तिनं नर्सलाच धीर दिला.

परवा तिचा स्कॅनचा रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीण बाईंनी भाऊजींना बाहेर बोलावलं नाही, मला बाजूला घेतलं नाही. धाकटीला समोरच्या खुर्चीत बसवलं, स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि तिलाच सांगितलं, पोटात आता कुठे काही दिसत नाही. पुढे दर काही महिन्यांनी यायचं, गोळ्या चालू ठेवायच्या, परत आलाच तर तेव्हाचं तेव्हा बघू, पण आज काही नाही. भाऊजींनी हात जोडले. धाकटीनं "एकडाव आनखी सांगा" म्हणून बाईंकडून तेच पुन्हा ऐकलं. आणि मी, रोज अशी शेकडो रक्तं हाताळणारी बाई, भिंतीला टेकून हुंदके देऊन रडायला लागले. धाकटी उठून आली, मला पाणी पाजलं, आपल्याच रुमालानं माझे डोळे पुसले. म्हणाली, "ताई, अवं चांगलं सांगून राह्यल्या ना त्या. रडू नको."

तिला वाटलं मी आनंदानं रडले. आनंद झाला, आई, पण नंतर, जिना उतरताना. आधी मला त्या खुर्चीत तू दिसलीस. परकर सैल केलेली, कोणी काही न सांगितलेली. आणि असा काही राग आला की धाकटीच्या चांगल्या बातमीच्या वेळी मी तिच्याजवळ नव्हतेच. हे तुला का नाही मिळालं? एवढंच मनात येत राहिलं. घरी आल्यावर तिनं भाऊजींना, शाळेतल्या बायांना, दर्यापूरच्या मामीला, सगळ्यांना फोनवर सांगितलं की माह्या ताईसारखी माया कोनाची नाई, माह्यासाठी ढसाढसा रडली. मी मूग गिळून बसले. हे पत्र टाकायला पत्ता नाही ते बरंच आहे, तिच्या हाती पडायला नको. तू गेलीस तेव्हा घरात बाबांना आणि तिला आवरता आवरता माझं रडायचं राहूनच गेलं होतं. ते त्या दिवशी मी तिच्या नावावर उरकून घेतलं.